आपल्यातले

१९८६ साली माझे सासरे स्थळ बघायला नांदेडला आले, तेव्हा आमच्या ओसरीवर दोन तास बसले होते. तुरीचा भाव झाला, गोदावरीचा पूर झाला, कपिलधारच्या यात्रेतली गर्दी झाली. तिसऱ्या चहाला त्यांनी बशीकडं बघत विचारलं, "तुम्ही कुठल्यातले म्हणायचं?" वडील म्हणाले, "पंचम." "मग आपल्यातलेच की!"

विचारताना त्यांचा आवाज खाली आला होता. लिंगायत माणसाला हा प्रश्न जड जातो, जायलाच पाहिजे. गळ्यात इष्टलिंग आलं की मागची जात संपली, असं आपण मानतो. उमरग्याच्या पुढं, कर्नाटकात, बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथं शरणांनी, म्हणजे आमच्या संतांनी, चांभार हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लावलं आणि राजा बिज्जळानं दोन्ही बापांना हाल करून मारलं, ही कथा आम्ही पाळण्यापासून ऐकतो. नवऱ्या मुलाचं नाव शीलवंत.

गेल्या दिवाळीत लातूरला बहिणीकडं होतो. भाची पुण्यात नोकरीला. लग्न जुळवायचं अ‍ॅप उघडून तिनं फोन माझ्या हातात दिला. "मामा, तुम्हीच भरा. आईचं नि माझं भांडण होतंय." उंची, पगार, रास, मंगळ. मग पोटजात : पंचम, चतुर्थ, दीक्षावंत, जंगम, शीलवंत. शीलवंत! ज्याच्या लग्नापायी दोन माणसं मेली, त्याचं नाव या यादीत एक चौकट होऊन बसलंय.

मी 'पंचम'वर बोट ठेवलं. आवाज खाली आणायची गरजच पडली नाही.

खटकलं ते हेच. सासऱ्यांना नाही म्हणायचं असतं, तर चहा पिऊन माझ्या वडिलांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. इथं किती मुलांना मी उंबऱ्याबाहेर ठेवलं, मला माहीत नाही, त्यांनाही नाही. कर्म घडलं आणि कर्ता कुणीच नाही. बोट माझं होतं, पण पाप मशीनच्या खात्यावर.

भाची म्हणाली, पुण्यात पोरं-पोरी दुसरी अ‍ॅपं वापरतात, तिथं आडनावसुद्धा दिसत नाही. मला बरं वाटलं. "मग तिथं जात कुणी विचारत नसेल?"

ती हसली. "तिसऱ्या दिवशी विचारतात की. 'पूर्ण नाव काय गं तुझं?'"

म्हणजे तिसरा चहाच.

मी खूण काढली, 'पोटजातीची अट नाही' केलं. यादी सरसर लांबली. स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "आपल्यातलाच बघ हं, दादा!" भाची माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, सुमितदादाचं तुम्हीच भरलं होतं ना? तेव्हा काय केलं होतं?"

माझी सून पंचम आहे.