परदेशी सेवेला निघण्यापूर्वी



तुमच्या घरची मुलगी पहिल्यांदाच सेवाकार्यासाठी परदेशी निघाली, तर पासपोर्ट, व्हिसा, लसी ही तयारी कराच. पण मनाची तयारी आधी करा.

जुन्नर-आंबेगावकरांना त्यासाठी दूर जायला नको. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख वाचा. सुमारे 1,800 ते 2,000 वर्षांपूर्वी इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे परदेशी माणसाने, येथे पाण्याची दोन टाकी दान दिली. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. परक्या मुलखात त्यांनी तहान-भूक ओळखली.

पुण्ण भिक्खू सुनापरान्त देशी निघाले, तेव्हा तथागतांनी त्यांना विचारले, तेथील लोक शिव्या देतील तर? मारतील तर? पुण्णांचे मन ढळले नाही. मगच तथागतांनी त्यांना निरोप दिला.

तुम्हीही मुलीला विचारा. भाषा कळली नाही तर? नुसती भांडी घासायला लावली तर? ‘तुझी मदत नको’ म्हणाले तर?

‘तुमचा उद्धार करायला आलो’ ही भाषा आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ ऐकली. ती आपल्या लेकरांच्या तोंडी कुठल्याही देशात येता कामा नये. ज्यांच्या दारी जायचे, त्यांना विचारूनच सेवा करावी. हीच मैत्री, हाच धम्म.

सर्वांचे मंगल होवो!