अंथरूण पाहून

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, व ते शिकवताना शिकवणाराच्या मुद्रेवर असे काही समाधान असते की, या म्हणीत शंका घेण्याजोगे काही असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. सुमारे तीस वर्षे नीतिशास्त्राचे पाठ देऊन झाल्यावर, निवृत्तीचा काळ जवळ आला असता, भिवंडीस धामणकर नाक्याजवळ घर पाहावयास गेलो, तेव्हा प्रथम ध्यानात आले की या म्हणीने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अंथरूण ज्याचे त्याचे असते, ही ती गोष्ट.

जाण्याचे कारण साधे होते. ठाण्यातील भाड्याचे घर सोडावे लागणार होते, आणि मिळणाऱ्या निवृत्तिवेतनात ठाण्यातील दुसरे घर बसत नव्हते. माझा एक जुना विद्यार्थी भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. तो म्हणाला, ‘सर, ठाण्यात जेवढ्यात एक खोली मिळायची नाही, तेवढ्यात इकडे तीन मिळतील. एकदा येऊन तर पाहा.’ आम्ही उभयता गेलो. बाळकूम, कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा असा तो रस्ता. ज्या मेट्रोचे भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरात झाले तिचे खांब त्या रस्त्यावर ओळीने उभे आहेत, व त्यांच्याकडे बोट दाखवून घरांचे दलाल पुढील दहा वर्षांचे भाव सांगतात. आम्हांस भेटलेल्या दलालानेही सांगितले. घर चांगले होते. वारा होता, उजेड होता, खिडकीतून झाडही दिसत होते. आणि शेजार इतका शांत की, भिवंडीविषयी आजवर ऐकले ते सारे अतिशयोक्तीचे असावे असे वाटले.

खाली उतरल्यावर विद्यार्थी हळूच म्हणाला, ‘सर, आज शुक्रवार आहे. आज माग बंद असतात. घर पाहायचे तर मंगळवारी-बुधवारी पाहा.’

आम्ही बुधवारी पुन्हा गेलो. ज्याने यंत्रमागाचा आवाज ऐकलेला नाही त्यास तो शब्दांनी सांगता येणे कठीण आहे. एक माग म्हणजे फार काही नव्हे. धोट्याने इकडून तिकडे जावे, तिकडून इकडे यावे, एवढाच त्याचा उद्योग. परंतु पत्र्याच्या एका छपराखाली असे दोन-तीन डझन माग, व अशी छपरे गल्लीच्या दोहों बाजूंस, मग तो आवाज कानांनी ऐकण्याचा राहत नाही; तो दातांत, छातीत, खिडकीच्या काचेत शिरतो. दलाल मोठ्याने ओरडून म्हणाला की, दोन महिन्यांत सवय होते, आणि एकदा सवय झाली की माग थांबले तरच जाग येते. हे तो घराचा गुण म्हणून सांगत होता. त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता असेही मला वाटते.

परंतु या लेखाचा विषय आवाज नव्हे. विद्यार्थ्याने मला तेथून दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीवर नेले. खोली म्हणजे दहा-बारा फूट लांब, तितकीच रुंद. दोरीवर कपडे, भिंतीला टेकवलेल्या वळकट्या. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांनी चालतात, त्याप्रमाणे ती खोलीही दोन पाळ्यांनी चालते. दिवसपाळीची माणसे उठतात तेव्हा रात्रपाळीची येऊन त्याच अंथरुणांवर आडवी होतात. जेवण गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खानावळीत. मजुरी मीटरावर, सूत तुटले, वीज गेली, तर मीटर पडत नाहीत आणि पैसेही पडत नाहीत. आपल्या म्हणीची आठवण मला तेथे झाली. ज्या अंथरुणावर आणखी एकाच्या पायांचा हक्क आहे, व ज्याची ऊब कधी निवतच नाही, ते पाहून पाय किती पसरावे?

तेथे एक पन्नाशीचा कारागीर जागा होता. उत्तर प्रदेशातील पूर्वेकडचा, मागावर हयात घालवलेला. मी त्यास प्राध्यापकी पद्धतीचा प्रश्न केला: ‘येथे राहणे परवडते का?’ त्याने आपल्या हिंदीत जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की मी येथे राहत नाही, येथे काम करतो, राहतो गावी. गावी तो वर्षाकाठी महिना-दीड महिना असतो. तरी ‘राहणे’ हे क्रियापद त्याने त्या महिन्याकरिता राखून ठेवले होते, आणि उरलेल्या साडेदहा महिन्यांकरिता त्याच्यापाशी दुसरे क्रियापद होते.

हे उत्तर मी कित्येक दिवस मनात घोळवीत आहे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ भरली. त्यांतील किती जण त्या कारागिराच्या अर्थाने ‘राहत’ होते, हे जनगणनेच्या कोष्टकात येत नाही, येणेही शक्य नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी येथे पिढ्या काढल्या. नाक्याजवळच्या पद्मनगरात तेलुगू पाट्या दिसतात. जुनी विणकर मुसलमान घराणी आहेत, आगरी आहेत, मराठी नोकरदार आहेत. ही माणसे राहतात. तथापि ज्यांच्या हातांवर गावाचा मुख्य धंदा चालतो त्यांतील मोठा भाग राहत नसून टिकून असतो. मे २०२० मध्ये भिवंडी रोड स्थानकावरून श्रमिकांची गाडी गोरखपूरकडे निघाली, व जे गाडीत मावले नाहीत ते नाशिकच्या रस्त्याने पायी चालू लागले, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी हळहळून विचारले की ही माणसे आहेत तेथेच का थांबत नाहीत? थांबावयाचे ते घरी. त्यांचे घर तेथे नव्हते, एवढेच त्याचे उत्तर होते.

आता ‘परवडणे’ या शब्दाकडे वळू. आपण तो मोठ्या सैलपणाने वापरतो. भाजी परवडत नाही, घर परवडत नाही, मुंबई परवडत नाही. जणू परवडणे हा वस्तूच्या अंगचा गुण आहे! वस्तुतः एखादे ठिकाण स्वस्त आहे एवढ्याने त्याविषयी काहीच कळत नाही. ते का स्वस्त आहे हे विचारावे लागते. अमेरिकेच्या पूर्वेस अ‍ॅपलेशियन पर्वतांत कोळशाचे जिल्हे आहेत. तेथे खाणी आटल्या, तरुण माणसे बाहेर पडली, व मागे उरलेली घरे स्वस्त झाली. त्या मुलखाकरिता तेथील सरकारला १९६५ मध्ये एक स्वतंत्र आयोग नेमावा लागला. शहरांच्या महागाईस कंटाळलेली माणसे आज तेथे घर घेता येईल का याची चौकशी करतात. आमच्या रत्नागिरीकडची कुलूपबंद घरेही याच जातीची. तेथील स्वस्ताई ही माणसे गेल्याची खूण आहे. भिवंडीची स्वस्ताई अगदी उलट्या कारणाची. येथे काम आहे, माणसे लोटताहेत, आणि तरीही खोली परवडते, याचे कारण एकच की, एका खोलीचे भाडे दहा माणसे भरतात, आणि खोली खोलीसारखी असावी असा आग्रह त्यांतील एकही धरीत नाही. एका ठिकाणी घर स्वस्त आहे, दुसऱ्या ठिकाणी माणूस.

अ‍ॅडम स्मिथ हा काही हळव्या मनाचा लेखक म्हणून प्रसिद्ध नाही. पण १७७६ च्या आपल्या ग्रंथात कर कोणत्या वस्तूंवर बसवावे हे सांगताना तो एकाएकी सदऱ्याचा विषय काढतो. तागाचा सदरा जीवनास अवश्य नाही, तो म्हणतो. ग्रीक व रोमन लोक त्यावाचून सुखाने जगले. परंतु आपल्या काळी यूरोपातील बहुतेक भागांत मोलमजुरी करणारासदेखील तसल्या सदऱ्यावाचून चारचौघांत येण्याची लाज वाटेल, म्हणून तो गरजेच्या वस्तूंतच धरला पाहिजे. माणसाला काय लागते याचे माप त्याच्या पोटावरून न घेता त्याच्या लाजेवरून घेणे, हा विचार मला नेहमीच मोठा वाटत आला आहे. मागावरची माणसे उकाड्याने उघडी अथवा बनियनवर काम करतात व साऱ्या देशाच्या सदऱ्यांचे कापड विणतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या पडल्या, आणि त्यांचे पुष्कळसे काम या पत्र्याच्या छपरांखाली आले. गिरणीत पाळी आठ तासांची होती, हजेरी होती, युनियन होती. कापड स्वस्त झाले ते कोठून झाले, हे शोधावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. माझ्या अंगावरच्या सदऱ्याचे कापड कोठे विणले गेले हे मी दुकानदारास आजवर कधी विचारले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो, व तो मला टाळता येत नाही, कारण तो खुद्द माझ्या विद्यार्थ्यानेच घेतला. तो म्हणाला, ‘सर, उद्या कायदा आला की एका खोलीत चौघांपेक्षा जास्त माणसे नकोत, तर उरलेल्या सहा जणांनी झोपायचे कोठे? त्यांना ही खोली वाईट आहे हे तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी ते येतात. गावी त्याहून वाईट आहे म्हणून येतात.’ हा युक्तिवाद पोकळ नाही. दयेपोटी केलेले कायदे कोठे जाऊन पोचतात याचा अनुभव मुंबईने घेतला आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाड्यांस १ सप्टेंबर १९४० ची पातळी बांधून दिली. भाडेकरूचे रक्षण झाले, नाही असे नाही. परंतु रुपये-आण्यांत भाडे घेणाऱ्या मालकाने दुरुस्ती सोडून दिली, पागडीचा काळा व्यवहार फोफावला, व चाळी भाडेकरूंसकट जीर्ण होत गेल्या. १९९९ मध्ये नवा कायदा झाला तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. परवडणे राखावयास जावे तर राहणे ढासळते, आणि राहणे सुधारावयास जावे तर परवडणे हातचे जाते. या पेचातून सोपी वाट आहे असे जो सांगतो त्याने एकतर भाडे कधी भरले नसावे, किंवा कधी घेतले नसावे.

तरीही विद्यार्थ्याच्या युक्तिवादात एक गफलत आहे असे मला वाटते. माणूस दोन वाइटांतून कमी वाईट पत्करतो, तेव्हा त्याच्या शहाणपणाविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्याने पत्करले म्हणून ज्यांनी ते वाईट त्याच्यापुढे मांडले ते निर्दोष ठरतात, हे कोठून निघाले? भुकेल्याने शिळे खाल्ले याने वाढणाराचा न्याय सिद्ध होत नाही. संन्यासी उघड्या जमिनीवर निजतो तेव्हा तो आपली गरज कमी करतो. कारागीर दुसऱ्याच्या उबेवर निजतो तेव्हा त्याची गरज होती तेवढीच असते. कमी होते ती कोणा दुसऱ्याच्या मालाची किंमत. या दोन गोष्टींस आपण काटकसर हे एकच नाव देतो, व दोघांचीही सारखीच स्तुती करतो. अ‍ॅरिस्टॉटलने नगरराज्याविषयी म्हटले आहे की, ते जगण्याकरिता जन्मास येते परंतु चांगले जगण्याकरिता टिकते. त्याच्या नगरात गुलाम होते, आणि त्यांच्या चांगल्या जगण्याचा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही, हे वर्गात सांगताना मी नेहमी किंचित हसत असे. अलीकडे हसत नाही.

धामणकर नाक्याजवळच पटेल कंपाउंड नावाची वस्ती आहे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे, सारे झोपेत असता, तेथील जिलानी बिल्डिंग या तीन मजली इमारतीचा एक भाग कोसळला व ३५ हून अधिक माणसे मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. ही माणसे पाळीने निजणारी नव्हती. ती कुटुंबे होती, आणि त्या कारागिराच्या भाषेत बोलावयाचे तर तेथे राहत होती. जुन्या इमारतीतली जागा परवडते म्हणून माणूस तीत राहतो, आणि तिची दुरुस्ती परवडत नाही म्हणून ती जुनी होत जाते. या दोन ‘परवडण्यां’च्या मध्ये त्या पहाटेसारखी एखादी पहाट असते. मी त्या बाजूला गेलो नाही. विद्यार्थी म्हणाला की जाऊ या. मीच नको म्हटले.

परतताना बसमध्ये आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो. काल्हेर, पूर्णा, माणकोली या गावांच्या शिवारात जेथे पूर्वी भाते होती तेथे आता मैलच्या मैल गोदामे आहेत. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवता यावा म्हणून ती वाढली. २०१७ मध्ये जकात गेली तरी गोदामे राहिली. मुंबईला जे घरात ठेवणे परवडत नाही ते सारे भिवंडीत ठेवलेले असते, असे माझ्या मनात आले. आणि लगेच हेही आले की त्या मालाबरोबर आता एक निवृत्त प्राध्यापकही ठेवावयास निघाला आहे.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींपुढे वरील विचार थोड्याफार विस्ताराने मांडला. मला वाटत होते, त्या म्हणतील की असल्या ठिकाणी राहणे बरे नव्हे. त्यांनी पाण्याविषयी विचारले. पाणी एक दिवसाआड येते की रोज, टाकी किती मोठी, चौथ्या मजल्यावर चढते का, हे मी दलालास विचारलेच नव्हते. मग त्या म्हणाल्या, ‘अहो, तुम्हांला ते गाव आवडत नाही म्हणून आपण गेलो नाही, तर त्या खोलीतल्या माणसांचे काय चांगले होणार आहे? आणि गेलो, तरी काय होणार आहे?’ मी म्हटले, गेलो तर निदान तेथे राहणारे दोघे वाढतील. त्यावर त्यांनी थोडा विचार केला व म्हणाल्या, ‘राहायचेच असेल तर मग मतदारयादीतले नावही तिकडे न्यायला हवे. नाहीतर आपणही त्या माणसासारखेच, ठाण्याला राहणारे आणि भिवंडीत निजणारे.’

घराविषयी दिवाळीपर्यंत कळवतो असे दलालास सांगितले आहे. नाव बदलण्याचा अर्ज मी आणून टेबलावर ठेवला आहे. तो अजून भरलेला नाही.