धुराचा न्याय

दोष नेमका कुणाचा, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले. आमचा गॅरेजवाला मिस्त्री तो धूर बघून सोडवतो. जुनी फोर व्हील डिझेल जीप, मागे ट्रॉली, पुढे घाट. जीप धापा टाकायला लागली, की बघ्यांचा निकाल तयार : "इंजिन गेलं!" म्हणजे आरोपी ठरला, आता पुरावा शोधा.

मिस्त्रीला घाई नसते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर झटका. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. ओढच नसेल तर डिझेल फिल्टर बघा, लायनीतली हवा काढा. पंपाला हात सर्वांत शेवटी. स्वस्त संशयिताकडून महागड्याकडे जायचं! माणसांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. पोरगा नापास झाला की थेट त्याचा मेंदू खोलतो. चष्म्याची गोष्ट मागाहून निघते.

आणि एक प्रश्न तर बघ्यांपैकी कुणीच विचारत नाही : मागे ओझं किती? ठणठणीत जुनं इंजिनही जादा ओझ्याखाली काळा धूर ओकतं. असं एखादं इंजिन घरोघरी असतं. दहाजणांची ट्रॉली ओढताना ते कधी भडकलं, की आपण म्हणतो, "स्वभावच तसला!"

धुराची तक्रार ट्रॉलीत बसलेल्यांनी जरूर करावी. फक्त चढावर खाली उतरून करावी.