हौस आणि सेवा

कर्तव्य म्हणून केलेल्या कामास आपण मान देतों. हौस म्हणून केलेल्या कामाकडे मात्र कौतुकानें, पण किंचित् उपेक्षेनेंच पाहतों. घरांतील मुलगा तारांचीं भेंडोळीं आणि जुना रेडिओ घेऊन माळ्यावर बसूं लागला, कीं वडील माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “याचा उपयोग काय?” प्रश्न अवाजवी नाहीं; संसारांत वेळ आणि पैसा दोन्ही मोजकेच असतात. परंतु सेवेच्या मानानें हौस ही हलकीच मानावी काय, याचा निर्णय त्या एका प्रश्नानें होतो, असें मला वाटत नाहीं.

बिनतारी संदेशांचा छंद असलेल्या मंडळींचें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे. यांस जगभर ‘हॅम’ म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावयाचा, स्वतःचें असें एक सांकेतिक नांव घ्यावयाचें, गच्चीवर तार ताणावयाची, आणि एखाद्या मोठ्या दिव्यास लागेल तेवढ्या विजेवर समुद्रापलीकडील अनोळखी माणसाशीं बोलावयाचें, हा यांचा उद्योग. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांवरून परतून दूरवर उतरतात, म्हणून हें साधतें. बोलणें झालें कीं त्याची खूण म्हणून एकमेकांस पोष्टानें कार्ड पाठवावयाचें. हें काम वैयक्तिक आवडीनें व द्रव्यलाभाचा हेतु न ठेवतां करावयाचें, असें आंतरराष्ट्रीय नियमांतील व्याख्येंतच म्हटलें आहे. म्हणजे ज्याचा मोबदला घेतां येत नाहीं, त्यासाठीं परीक्षा द्यावयाची! व्यवहारी मनुष्यास हें चमत्कारिक वाटल्यास नवल नाहीं.

या हौशी मंडळींस दुर्मिळ स्थळाशीं संपर्क साधल्याची नोंद करण्याची भारी आवड. अंदमानांतून बरींच वर्षें कोणीहि हॅम बोललेला नव्हता. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद यांच्या पुढारपणाखालीं कांहीं हॅम पोर्ट ब्लेअरला गेले, ते जगांतील समव्यसनी लोकांना हा आनंद मिळावा म्हणून. ता. २६ रोजीं सकाळीं भूकंप झाला आणि पाठोपाठ समुद्र चढून आला. दूरध्वनि बंद पडले. तेव्हां केवळ मौजेखातर उभारलेलें तेंच केंद्र मुख्य भूमीशीं बोलूं लागलें, आणि अडकून पडलेल्या माणसांची खुशाली त्यांच्या आप्तांस कळूं लागली.

यावर कोणी म्हणेल, हा योगायोग झाला. पुण्य हेतूवर ठरतें, आणि हेतु तर मौजेचा होता. हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. केंद्र तेथें योगायोगानें होतें. परंतु खरखरीतून क्षीण आवाज ओळखणारा कान, थोडक्यांत व अचूक बोलण्याची संवय, दुसरा बोलत असतां थांबण्याचा संयम, हे गुण योगायोगानें येत नाहींत. ज्यांना कोणी निरुपयोगी म्हणेल, अशा वर्षानुवर्षांच्या संभाषणांतच ते मुरलेले असतात.

मग संकटांत उपयोगी पडतो म्हणूनच हा छंद चांगला, असें म्हणावें काय? तसें म्हणण्यास माझें मन घेत नाहीं. बहुतेक हौशांच्या आयुष्यांत असा दिवस येतच नाहीं. त्यांचें श्रम फुकट गेले काय? शिवाय, तुझ्या छंदाचें मोल संकटांतच आहे असें एखाद्या तरुणाच्या मनावर बिंबवलें, तर तो संकटाची वाट पाहूं लागेल. सेवेचें वेड लागलेल्या माणसांत हा दोष कधीं कधीं दिसतो. सर्वत्र ठीक असलें कीं तीं खट्टू होतात; दुसऱ्याचें दुःख ही त्यांना आपली संधि वाटते. खरा हौशी यांतून सुटतो. कांहींच न घडलेल्या दिवशींहि त्याचा आनंद पुरा असतो. ज्याचा आनंद दुसऱ्याच्या संकटावर अवलंबून नाहीं, त्याच्याच हातीं संकटाचें काम निर्धास्तपणें सोंपवावें.

आज खिशाखिशांत भ्रमणध्वनि आहेत. तरीहि मनोरे पडले किंवा त्यांची वीज गेली, कीं गांवच्या गांव मुकें होतें. हौशाला मात्र एक बॅटरी, एक यंत्र आणि ताणलेली तार पुरते. पण या युक्तिवादावरहि मी फार भर देणार नाहीं. उद्यां याहून सोयीचें साधन निघेल, आणि तरीहि गच्चीवर बसून दूरचा आवाज ऐकणारा मुलगा वाया गेला असें होणार नाहीं.

म्हणून वडिलांनीं प्रश्न जरूर विचारावा. मात्र “याचा उपयोग काय?” याऐवजीं “हें तूं नीट करतोस ना?” असा विचारावा. पहिल्या प्रश्नाला मुलाजवळ आज प्रामाणिक उत्तर नाहीं. दुसऱ्याला तो रोज उत्तर देऊं शकेल.