विदुराने सभेत सांगितलेली कथा

महाभारतातील द्यूतप्रसंगाचे चित्र ज्याने पाहिले नाही, असा गृहस्थ भारतात विरळाच. दिनदर्शिकेवर असो वा एखाद्या मंदिराच्या भिंतीवर असो, त्याची मांडणी बहुधा एकच असते. मध्यभागी हात जोडून उभी असलेली द्रौपदी, तिच्या वस्त्राला हात घालणारा दुःशासन, भूमीवर वाढत जाणारा वस्त्रांचा ढीग आणि वर आकाशात अभयहस्त उचललेले भगवान श्रीकृष्ण. पाहणाऱ्याचे नेत्र भक्तीने भरून येतात, आणि ते उचितच आहे. परंतु त्याच चित्राच्या कडेला मान खाली घालून बसलेली आणखी काही माणसे असतात. चित्रकार त्यांना फिक्या रंगात रंगवितो; दृष्टी त्यांच्यावर ठरत नाही. वास्तविक द्रौपदीने आपला प्रश्न विचारला होता तो त्यांनाच.

तिला सभेत आणण्यास प्रातिकामी गेला, तेव्हा तिने त्याला परत पाठविले आणि विचारविले की, युधिष्ठिराने आधी स्वतःला हरविले की आधी तिला? जो स्वतःच दास झाला, त्याला पत्नीला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? हा प्रश्न दयेची याचना करणारा नव्हता. तो निर्णयाची मागणी करणारा होता. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून उत्तर टाळले. द्रोण बोलले नाहीत, कृप बोलले नाहीत. बोलला तो धृतराष्ट्राचाच एक पुत्र, विकर्ण. आणि तो वयाने लहान आहे, त्याला धर्म काय कळतो, असे म्हणून कर्णाने त्याला गप्प बसविले. वडीलधाऱ्यांच्या मौनापुढे तरुणाचे खरे बोलणे पोरकट ठरते, हा अनुभव कोणत्या गावाला नाही?

यानंतर विदुर उठला. त्याने काय केले हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. त्याने सभेला एक कथा सांगितली.

दैत्यराज प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरसाचा पुत्र सुधन्वा यांच्यात एका कन्येवरून वाद झाला: दोघांत श्रेष्ठ कोण? दोघांनीही प्राण पणास लावले, आणि निर्णय मागण्यास गेले ते प्रल्हादाकडेच. एका वादीचा पिताच न्यायाधीश! प्रल्हाद व्याकुळ झाला. जाणून मौन धरणाऱ्याची किंवा खोटे बोलणाऱ्याची गती काय, असे त्याने कश्यपांना विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा: अधर्माचे शल्य रुतलेला धर्म सभेत येतो, सभासदांनी ते शल्य काढले नाही, तर ते त्यांच्याच अंगी रुतते. निंद्य कर्माची निंदा जेथे होत नाही, तेथे अर्धे पाप सभेच्या मुख्याला लागते, एक चतुर्थांश प्रत्यक्ष करणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मूक सभासदांना. हा हिशेब पुन्हा एकदा वाचावा. मुख्याचा वाटा करणाऱ्याच्या दुप्पट आहे. हे ऐकल्यावर प्रल्हादाने आपल्या पुत्राविरुद्ध निर्णय दिला. भगवंतांनी विभूतियोगात दैत्यांमधील आपली विभूती म्हणून याच प्रल्हादाचे नाव घेतले आहे.

विदुराची कथा ऐकून सभा काय करती झाली? काहीच नाही. राजे तसेच बसून राहिले.

कथा निष्फळ का झाली? ऐकणाऱ्याच्या मनात समाजाचे जे चित्र आधीच उमटलेले असते, त्याच चौकटीत तो नवी कथा बसवितो. धृतराष्ट्राच्या मनातले चित्र कोणते होते ते गीतेचा पहिलाच श्लोक उघड करतो. कुरुक्षेत्रावर दोन्हीकडे कुरुवंशाचीच माणसे उभी असताना तो आपल्या पुत्रांना ‘मामकाः’ म्हणतो. पांडूचे पुत्र त्या शब्दाबाहेर राहतात. नेत्रहीनतेपेक्षा हे अंधत्व अधिक होते. ज्याच्या ‘आमचे’ या शब्दात अर्धेच कुटुंब मावते, त्याच्यापुढे प्रल्हादाची कथा कितीही सांगा, ती दुसऱ्या कोणाची तरी कथा राहते.

सामान्य जनांच्या ओठी मात्र या कथेचे सार वेगळ्या शब्दांनी टिकून राहिले. ‘पंचमुखी परमेश्वर’ असे आपल्याकडे म्हणतात. मुन्शी प्रेमचंदांनी १९१६ मध्ये ‘पंच परमेश्वर’ ही हिंदी कथा लिहिली, तीही याच भावनेवर. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग मित्र. जुम्मनच्या वृद्ध मावशीने आपली मालमत्ता त्याच्या नावे करून दिली, आणि मग तिला पोटभर अन्नही मिळेना. म्हातारी काठी टेकीत दारोदार फिरली, पंचायत बोलाविली आणि सरपंच म्हणून नेमके अलगूचेच नाव घेतले. अलगूने मित्राविरुद्ध निर्णय दिला. मैत्री तुटली. पुढे अलगूच्याच बैलाच्या किमतीचा तंटा पंचायतीपुढे आला. त्या वेळी सरपंच जुम्मन होता. सूड घेण्याची संधी हाती होती, परंतु त्या आसनावर बसताच त्याला ती घेववली नाही. त्याने अलगूच्या बाजूने न्याय दिला. प्रल्हादाने पुत्राचे नाते बाजूला ठेवले. येथे एकाने मैत्री ठेवली, दुसऱ्याने वैर.

परंतु पंचांत परमेश्वर पाहण्याचे दोन अर्थ होतात, आणि दुसरा घातक आहे. पंचाने स्वतःला रिते करावे, म्हणजे परमेश्वर बोलेल, हा एक अर्थ. पंच बोलला म्हणजे परमेश्वरच बोलला, आता कोणी प्रश्न करू नये, हा दुसरा. जातिपंचायतींनी बहिष्काराचे दंड दिले ते या दुसऱ्या अर्थाच्या आधारावर. सर चार्ल्स मेटकाफ याने १८३० मध्ये भारतीय गावांचे लहान लहान प्रजासत्ताकांसारखे वर्णन केले. ते चित्र पुढे पुष्कळांना प्रिय झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी त्याचा उल्लेख करून ते स्पष्टपणे नाकारले. गाव हे त्यांच्या मते संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे ठिकाण होते. त्याच महिन्यात सभेने ग्रामपंचायतींविषयीचे कलम स्वीकारले, तेच आजचे ४० वे कलम. दोन्ही पक्षांपुढे गाव एकच होते, चित्रे दोन होती. ज्याचे घरच गावकुसाबाहेर, त्याला पाराखालची पंचायत कशी दिसली असेल, हे पारावर बसलेल्याने विचारून पाहावे.

तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, दहाव्या शतकातील, शिलालेख आहेत. तीस विभागांतून नावाच्या चिठ्ठ्या घटात घालावयाच्या आणि लहान मुलाच्या हातून काढावयाच्या, अशी ग्रामसभेच्या समित्या निवडण्याची रीत त्यांत कोरलेली आहे. ज्याने मागील हिशेब दिला नाही त्याला, त्याच्या आप्तांसह, निवडीतून वगळले जाई. घटात हात घालणारे निष्पाप बालक हे चित्र फार सुंदर आहे. पण घटात नाव पडण्यासाठी जमीन, स्वतःचे घर आणि वेदाध्ययन लागे. स्त्रीचे नाव त्या घटात नव्हते, भूमिहीनाचे नव्हते.

आता घट बदलला आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले आणि पंचायतीच्या किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. तरीही ‘सरपंचपती’ हा शब्द भाषेत आलाच. खुर्ची पत्नीची, आणि बोलणारा पती. कायद्याने आसन दिले, पण ‘पंच’ म्हणताच मनात उभा राहतो तो अजून फेटा बांधलेला वृद्ध पुरुषच. पंचायत बोलाविणारी काठी टेकणारी मावशी, सभेला प्रश्न विचारणारी द्रौपदी, या लेकरांना सांगितल्या जातात त्या बहुधा दुःख भोगणाऱ्या म्हणून. न्याय मागणाऱ्या म्हणून क्वचितच.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची रीत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तेथे अभ्यास गटात विषयाची आधी चर्चा होते, निर्णय ग्रामसभेत होतो आणि तो सर्वसहमतीने. बहुमताने कोणाला हरवावयाचे नाही. स्त्रिया सभेत बसतात आणि बोलतात. २००९ मध्ये या गावाला आपल्या वनावरचा सामूहिक हक्क मिळाला. सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबण्यात वेळ जातो, हे खरे. पण जेथे एका विकर्णाला ऐकून घेतल्याशिवाय सभा उठत नाही, तेथे कर्णाला त्याला गप्प बसविता येत नाही.

विदुराच्या कथेचा शेवट येथे सांगावयाचा राहिला. प्रल्हादाच्या निर्णयाने विरोचनाचे प्राण सुधन्व्याच्या हाती गेले होते. पित्याने पुत्रस्नेह बाजूला ठेवून धर्म राखला, हे पाहून सुधन्व्याने विरोचनाला सोडून दिले आणि त्याला शंभर वर्षे आयुष्य चिंतिले. ही कथा सभेत सांगितली गेली त्या दिवशी धृतराष्ट्राचे शंभरही पुत्र जिवंत होते.