नोंदवहीत नाव नाही



एज्राच्या ग्रंथाचा दुसरा अध्याय आपण सहसा वाचीत नाही. नुसती नावांची यादी आहे, कोरेश राजाने इ. स. पूर्व ५३८ मध्ये परवानगी दिल्यावर बाबेलहून परतलेल्या ४२,३६० लोकांची. पण एकसष्टाव्या वचनापाशी थांबायला हवे. हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या तीन याजक घराण्यांनी आपली वंशावळ शोधली, ती सापडली नाही आणि त्यांना याजकपदावरून दूर केले गेले.

हक्कोस हे काही उपटसुंभ घराणे नव्हते. याजकांचे २४ वर्ग पाडले तेव्हा सातवी चिठ्ठी याच नावाची निघाली होती (१ इतिहास २४:१०). पण मंदिर जळाले, लोक धरून नेले. कागद सांभाळणार कोण?

ज्याची नोंद नाही ते खरे नाही, असे म्हणता येईल काय? तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी लगेच सांगेल की पुरावा नसणे वेगळे आणि खोटे असणे वेगळे. बरोबर आहे. पण म्हणून कोणीही 'मी याजक' म्हणत वेदीपाशी उभे राहावे काय? प्रांताधिपतीने त्यांना खोटे ठरवले नाही. उरीम व थुम्मीम वापरून देवाचा कौल घेणारा याजक येईपर्यंत परमपवित्र अन्न खाऊ नका, एवढेच सांगितले. निर्णय सावध होता. ज्यांच्या ताटातून ते अन्न गेले, त्यांना मात्र तो तसा वाटला नसणार!

लग्न ठरले की आम्हीही स्नानसंस्काराचा दाखला मागतो आणि तो मागायलाच हवा. परंतु तो मिळत नसेल तेव्हा काय? ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचे कलम ८७६ सांगते की कोणाचे नुकसान होत नसेल, तर एका निःसंशय विश्वासू साक्षीदाराचे म्हणणे पुरते. म्हणजे वही मुकी झाली की माणसाला विचारायचे. एखादी म्हातारी धर्ममाता हयात असते, तिला सारे आठवते.

आता ऐंशी वर्षे पुढे जाऊ या. इ. स. पूर्व ४५८ मध्ये एज्रा ६५० किक्कार रुपे आणि १०० किक्कार सोने घेऊन यरुशलेमेस पोहोचला. मंदिरात ते तोलून कोणाच्या हाती दिले? मरेमोथ बिन उरीया याच्या. नहेम्या तिसऱ्या अध्यायात त्याचे पूर्ण नाव देतो, मरेमोथ बिन उरीया बिन हक्कोस. हा तोच, असे अनेक अभ्यासक मानतात.

मधल्या काळात कौल मिळाला की कागद सापडला, हे शास्त्र सांगत नाही. घराणे रुसून निघून गेले नाही, एवढे दिसते. आम्हाला यात प्रांताधिपतीच्या सावधपणापेक्षा त्या घराण्याचे थांबणे मोठे वाटते, कारण वाट पाहण्याची किंमत त्यांनी मोजली. इ. स. पूर्व ४४५ मध्ये कोट बांधताना मरेमोथाने एक नव्हे, दोन भाग दुरुस्त केले. दुसरा भाग मुख्य याजक एल्याशीबाच्या घराच्या दारापासून त्या घराच्या टोकापर्यंतचा होता.