दीड दिवसाचा पाहुणा

पेणमध्ये आम्हालाही लोक बघायला येतात. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना गाडी आत वळवायची, गणपतीच्या कारखान्यात डोकवायचं, आखणी चालू असेल तर मोबाइल समोर धरायचा, भाव विचारायचा आणि पुढे अलिबागला नाहीतर गोव्याला निघायचं. मी डोळ्यांची आखणी करते. आधी पांढरं, मग पापणीची रेघ, शेवटी बुबुळ. नजर किंचित खाली घेते, म्हणजे पाटावर बसणाऱ्याकडे देव बघतोय असं वाटतं.

श्रावणात आमच्या फळ्यांवर डोळे उघडलेले शेकडो गणपती बसलेले असतात आणि त्यांच्यासमोर आम्ही डबे खातो, मजुरीवरून भांडतो. हात कुणी जोडत नाही, कारण आमच्या भाषेत तो माल. तोच माल कुणाच्या घरी जातो, भटजी दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात, प्राणप्रतिष्ठा होते आणि तो देव होतो. माती तीच, रंग तोच. मग बदललं काय? हा प्रश्न मला कारखान्यात कधी अडला नव्हता. अडला तो जुन्या गोव्यात.

लेक-जावयाने क्रूझवर नेलं होतं. मुंबईहून निघालेली बोट सकाळी मुरगावला लागली, संध्याकाळी सुटणार होती. छातीवर बसचा नंबर चिकटवून आम्ही चार तासांच्या फेरीला निघालो. शेजारच्या सीटवरचे एक निवृत्त गृहस्थ वैतागले होते. "असं धावतपळत देवदर्शन होतं का हो? हे नुसतं हजेरी लावणं." अष्टविनायकाच्या बसमधून पालीला उतरणाऱ्यांबद्दलही लोक हेच म्हणतात: रांग, "पुढे चला, पुढे चला", आणि बल्लाळेश्वर दिसला न दिसला तोच बाहेर.

पण वेळेचाच हिशेब करायचा तर आमचा गणपती किती राहतो? बऱ्याच घरी दीडच दिवस. देव कमी वेळ थांबला म्हणून पूजा अर्धी राहिली, असं कुणी म्हणत नाही. कारण त्या दीड दिवसाला दोन्हीकडून गाठ मारलेली असते. सुरुवातीला आवाहन, मग बसायला आसन, पायावर पाणी, पुढचे सगळे उपचार. शेवटी उत्तरपूजा, अक्षता, आणि पुन्हा यायचं निमंत्रण. देव चराचरात आहे असं मानणाऱ्यांनीच त्याला "या, बसा" म्हणायचा हा विधी लावून दिलाय. देवाला त्याची गरज नसणार. घर आवरायला, मन आवरायला, आपलं बोलणं थांबवायला आपल्यालाच तो लागतो. माल आणि देव यांच्यात फरक पडतो तो इथे. समोर कुणीतरी आहे असं धरून आपण वागायला लागतो.

माझं माहेर रोह्याचं. तिथे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते. आधी पोलिसांची सशस्त्र मानवंदना, मग देव गावात. आमच्या दारात पालखी थांबायची ती मिनिटभर. आई मात्र आदल्या रात्रीपासून अंगण धुवायची, रांगोळी घालायची, ओटीचं ताट झाकून ठेवायची. धावत्या भेटीवर निघालेला तिथे खुद्द देवच, आणि त्या मिनिटाला कुणी हजेरी म्हणत नाही, कारण त्याची वाट बघितलेली असते.

बॉम जीझस बॅसिलिकेत आम्हाला वीस मिनिटं दिली होती. 1605 मध्ये प्रतिष्ठा झालेली ही वास्तू. गिलावा काढून टाकल्यामुळे बाहेरून आपल्या कोकणातला जांभा दिसतो. आत उंचावर चांदीच्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियरचा देह. आम्ही माना वर करून पेटी बघत होतो, गाइड तारखा सांगत होता. तेवढ्यात एक बाई आली. हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून लाल भाजीची टोकं बाहेर आलेली. पिशवी बाकाशी टेकवली, गुडघ्यावर बसली, ओठ हलले, छातीवर क्रूस केला, पिशवी उचलली आणि गेली. आमच्या वीस मिनिटांतली तिची जेमतेम तीन. तीही घाईतच होती. पण ती कुणाकडे तरी आली होती आणि आम्ही काहीतरी बघायला आलो होतो.

त्या गृहस्थांना माझं उत्तर तिथे सापडलं. कमी पडतो तो वेळ नव्हे. हे घर कुणाचं आहे हे ज्याला ठाऊक असतं तो पाहुणा. ज्याला ते विचारावंसंही वाटत नाही, त्याच्यासमोर फळीवरचा माल असतो, मग तो आठवडाभर का राहिना.

मात्र घर कुणाचं, हे विचारायला गेलं की गोव्यात ठेच लागते. बंदरातून येताना आमची बस कुठ्ठाळीवरून झुआरीच्या पुलावर चढली होती. मंगेशाचं मूळ स्थान हे कुठ्ठाळीच. देऊळ पाडलं जाईल या भीतीने 1560 मध्ये भक्तांनी लिंग उचललं आणि नदीपार, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर प्रियोळला नेलं; तेच आजचं मंगेशी. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. ते आणावं असं पोर्तुगालच्या राजाला 1546 मध्ये पत्र लिहून सुचवणारा होता तोच झेवियर, ज्याच्या पेटीकडे आम्ही मान वर करून बघत होतो. ते प्रत्यक्ष यायच्या आठ वर्षं आधी, 1552 मध्ये, तो चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला होता. जन्मभर मलाक्का, जपान असा फिरलेला माणूस गोव्यात कायमचा राहिला, आणि गावाचा म्हणून गावातच असायचा तो देव रात्रीचा परगावी गेला. आमच्या बसच्या कार्यक्रमात दोघे लागोपाठ होते, मध्ये शहाळ्याचं पाणी.

मग मंगेशीला दीपमाळेसमोर हात जोडताना मघाच्या चर्चमधल्या नमस्काराचं काय करायचं? एक मार्ग सोपा: सगळे देव एकच म्हणून दोन्हीकडे सारखी मान तुकवायची. दुसराही सोपा: मागचं आठवून एकीकडे पाठ फिरवायची. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात रात्री लिंग घेऊन नदी ओलांडणारे पुसले जातात. दुसऱ्यात ती लाल भाजीवाली बाई पुसली जाते, आणि तिने कुणाचंच देऊळ पाडलेलं नाही. पाहुण्याला घरातलं भांडण सोडवता येत नाही, चार तासांत तर नाहीच. पण ते झालंच नव्हतं असंही त्याने वागू नये. माहीत ठेवून नमस्कार करता येतो. तो जड जातो, एवढंच.

मंगेशीत गेल्यावर आणखी एक कळतं. जीव वाचवायला, तात्पुरता म्हणून आलेला देव साडेचारशेहून अधिक वर्षं तिथेच आहे. त्याला नेणाऱ्यांनी मुक्काम किती हे विचारलं असेल असं वाटत नाही. आसन मांडलं असेल, दिवा लावला असेल. उतरून घेण्याची तयारी असली की घाईत आलेलाही नीट बसतो. मुक्काम मोठा की छोटा, हे आल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं.

परतीच्या वाटेवर ते गृहस्थ म्हणाले, "पुढच्या वेळी आठवडा काढून येतो." जरूर यावं. आठवड्यात चर्च जास्त होतील, देवळं जास्त होतील. पण दीड दिवसात देवाचं भागतं, तर चार तासांत आपलं भागत नाही याचा दोष घड्याळावर घालता येणार नाही. तो आपल्या आवाहनात आहे. आवाहनाला बस थांबवावी लागत नाही. कुठ्ठाळी आली की खिडकीतून नदीकडे बघून "इथून गेला" एवढं म्हटलं तरी पुरतं.